‘करीत असे’ : एका फलकाचे आणि एका जाळ्याचे प्रकरण

नवी मुंबईतील एका छोट्या संग्रहालयात एका फलकावरून वाद उभा राहिला. तो वाद, तो सोडवताना घेतलेले निर्णय आणि त्यांपैकी काही निर्णयांचे पुढे काय झाले, याची ही नोंद आहे. विश्वस्तांनी मदतीसाठी बाहेरून ज्या दोघांना बोलावले होते त्यांपैकी मी एक होते, त्यामुळे हे लेखन पूर्णपणे त्रयस्थ नाही हे आधीच सांगितलेले बरे. संग्रहालयाचे, गावाचे आणि व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

जागा आणि मांडणी

हे संग्रहालय एका सार्वजनिक न्यासाचे आहे. पाम बीच मार्गापासून फार दूर नसलेल्या एका सेक्टरमधील इमारतीत खाली वाचनालय, वर दोन दालने आणि त्यांना जोडणारी एक लांब मार्गिका, एवढाच त्याचा पसारा आहे. पहिल्या दालनात शहराच्या उभारणीची गोष्ट सांगितलेली आहे: १७ मार्च १९७० रोजी झालेली सिडकोची स्थापना, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्राचा विकास आराखडा, वाशीची सुरुवातीची छायाचित्रे, १९९२ पासून सुरू झालेला महापालिकेचा कारभार. दुसरे दालन खाडीचे आहे आणि तेथे मुख्यतः कांदळवन आणि फ्लेमिंगो आहेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाल्यापासून रविवारी सकाळी कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून हे दालन अलीकडे नव्याने सजवण्यात आले होते.

ज्यांच्या शेतांवर, खाजणांवर (भरतीचे पाणी येणाऱ्या खारट जमिनींवर) आणि मिठागरांवर हे शहर उभे राहिले ते लोक मात्र दोन्ही दालनांत नव्हते. ते मार्गिकेत होते. ‘आगरी-कोळी जीवन’ या शीर्षकाखाली लुगडे नेसवलेला एक आणि रुमाल गुंडाळलेला दुसरा अशा दोन पुतळ्यांच्या जोडीला एक मातीची चूल, पाटा-वरवंटा, मीठ ओढण्याचे लाकडी अवजार आणि भिंतीवर खिळ्यांनी ताणून बसवलेले पागाचे, म्हणजे हाताने फेकायचे, जाळे अशी मांडणी होती. समाजांचे ‘नमुने’ पुतळ्यांतून दाखवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भायखळ्याच्या संग्रहालयातही मुंबईच्या जातीजमातींची आणि कारागिरांची छोटी मृण्मय शिल्पे आहेत. तेथे आपण ती एका काळाची नजर म्हणून पाहतो. येथे मात्र ज्यांचा नमुना मांडला होता ते लोक चालत बारा मिनिटांवर राहत होते.

ते कधी येत होते का, हे पाहण्यासाठी मी अभिप्राय वही चाळली. तिच्यात पत्त्याचा रकाना आहे. मागील वर्षभराच्या पानांत गावठाणाचा पत्ता मला दोनदाच सापडला आणि त्यांपैकी एक नोंद वायरिंगच्या कामासाठी आलेल्या मुलाची होती.

काय घडले

गावठाणातील एक मासळी विकणाऱ्या आजी नातवाला घेऊन संग्रहालयात आल्या, कारण शाळेने मुलांना ‘आपला परिसर’ या विषयावर प्रकल्प दिला होता. मासळीची रिकामी पाटी (टोपली) हातात असल्यामुळे सुरक्षारक्षकाने त्यांना दारात थांबवले. वासाची तक्रार येते, असे त्याचे म्हणणे होते. पाटी जिन्याखाली ठेवून त्या वर गेल्या. नातवाने मार्गिकेतील फलक मोठ्याने वाचला: ‘कोळी समाज पारंपरिक सुती जाळ्याच्या साहाय्याने खाडीत मासेमारी करीत असे.’

त्यावर आजी जे म्हणाल्या ते रक्षकाने पुढे आम्हाला जसेच्या तसे सांगितले. “करीत असे म्हंजे काय? काल राती माझे पोरान काय केला मंग?”

मग त्यांनी जाळ्याकडे पाहिले. ते जाळे त्यांच्या दिवंगत नवऱ्याने विणलेले होते. गाठी मारण्याच्या पद्धतीवरून आणि कडेला एका जागी दुरुस्तीसाठी वापरलेल्या निळ्या दोऱ्यावरून त्यांनी ते ओळखले. काही वर्षांपूर्वी संग्रह जमवणाऱ्या कार्यकर्त्यांना ते त्यांच्या दिराने देऊन टाकले होते आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. शिवाय ते सुती नव्हते, नायलॉनचे होते. आणि ते उलटे टांगलेले होते: पागाच्या घेराला शिशाची वजने असतात, पाण्यात पडल्यावर ती खाली जातात आणि घेर मिटतो, पण येथे वजने छताकडे होती आणि हातात धरायचा दोर जमिनीकडे लोंबत होता. ज्याने आयुष्यात एकदा तरी पाग टाकताना पाहिला आहे त्याच्या हे दोन सेकंदांत लक्षात आले असते. दहा वर्षांत तसा एकही माणूस त्या भिंतीसमोर उभा राहिला नव्हता, किंवा राहिला असला तरी त्याने बोलण्याची तसदी घेतली नव्हती. माझ्या मते या प्रकरणाचा खरा पुरावा हा उलटा पागच आहे. बाकीचे सारे त्याचा विस्तार आहे.

आजींनी जाळे परत मागितले. वस्तूची नोंद झालेली असल्यामुळे ती देता येणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. पंधरा दिवसांनी गावच्या मंडळाचे पत्र आले. त्यात चार मागण्या होत्या: जाळे परत द्यावे, फलक बदलावा, वस्तू देणाऱ्यांची नावे लावावीत आणि पहिल्या दालनात भूसंपादनाचा व १९८४ च्या आंदोलनाचा उल्लेख करावा.

रजिस्टरमधील एक शब्द

जाळे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अ‍ॅक्सेशन रजिस्टर, म्हणजे संग्रहात आलेल्या वस्तूंची नोंदवही, उघडावे लागले. एका सोसायटीतील निवृत्त अधिकाऱ्यांनी दिलेल्या जुन्या कॅमेऱ्यासमोर ‘कोणाकडून’ या रकान्यात त्यांचे संपूर्ण नाव, हुद्दा आणि पत्ता होता, तर जाळ्यासमोर ‘स्थानिक मच्छीमार’ एवढेच दोन शब्द होते. चुलीसमोर ‘स्थानिक’. पाट्या-वरवंट्यासमोर ‘स्थानिक’. हे कोणी द्वेषाने केले नव्हते. नोंदी करणारी मुलगी कामाला नवी होती आणि तिला जे सांगण्यात आले ते तिने सुवाच्य अक्षरात लिहिले. पण कॅमेरा देणारा माणूस दाता ठरला आणि जाळे देणारा घटक निव्वळ ‘स्थानिक’ ठरला, हा भेद त्या रकान्यात स्पष्ट उमटला होता.

कायदेशीर बाजूही लंगडीच होती. दानपत्र नव्हते, पोच दिलेली नव्हती, आणि ज्या दिराने जाळे दिले त्याला ते देण्याचा अधिकार होता की नाही हे कोणी तपासलेले नव्हते. संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची, म्हणजे आयकॉमची, आचारसंहिता सांगते की वस्तूवर वैध मालकी हक्क मिळत असल्याची खात्री झाल्याशिवाय संग्रहालयाने ती स्वीकारू नये. हा नियम वाचताना आपल्या डोळ्यांसमोर चोरीच्या मूर्ती आणि परदेशात गेलेली शिल्पे येतात; दोन खणांच्या घरातून आलेल्या नायलॉनच्या जाळ्यालाही तो तेवढाच लागू आहे, हे विश्वस्तांना पटवायला एक संपूर्ण बैठक खर्ची पडली.

याच बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले की संग्रहालयाचे काम वस्तू जपण्याचे आहे, समाजकार्य कधीपासून त्यात आले? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यावे लागले. चिलीतील सान्तियागो येथे १९७२ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने झालेल्या गोलमेज परिषदेने संग्रहालयाने आपल्या भोवतीच्या समाजाच्या प्रश्नांशी स्वतःला बांधून घ्यावे असे म्हटले. १९७४ मध्ये आयकॉमच्या व्याख्येत ‘समाजाच्या आणि त्याच्या विकासाच्या सेवेत’ हे शब्द आले. आणि २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे स्वीकारलेल्या नव्या व्याख्येत संग्रहालये समुदायांच्या सहभागाने काम करतात असे स्पष्ट लिहिले गेले. म्हणजे ही मागणी मंडळाच्या पत्रातून पहिल्यांदा आलेली नाही, ती पन्नास वर्षे जुनी आहे. व्याख्येने विश्वस्तांचे समाधान झाले नाही. वॉशिंग्टनमधील अ‍ॅनाकोस्टिया या वस्तीतल्या, स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयाने १९६९ मध्ये चक्क उंदरांवर प्रदर्शन भरवले होते, कारण त्या वस्तीतील लोकांचा रोजचा छळ उंदरांचा होता, हे उदाहरण मात्र त्यांना आवडले. “मग आपण पार्किंगवर भरवू या,” असे ते म्हणाले आणि बैठकीतील ताण थोडा सैल झाला.

भांगाच्या दिवशी बैठक

गावाशी पहिली बैठक संग्रहालयात, शनिवारी सकाळी अकरा वाजता, ओळीने मांडलेल्या खुर्च्या आणि माइक अशा थाटात झाली. मंडळाचे तीन पदाधिकारी आले, त्यांनी पत्रच वाचून दाखवले आणि चहा घेऊन ते गेले. जाळे टाकणारा एकही माणूस आला नव्हता, कारण ते दिवस उधाणाचे होते आणि त्या वेळी सगळे पाण्यावर होते. आम्ही तारीख ठरवताना विश्वस्तांच्या डायऱ्या पाहिल्या होत्या, भरती-ओहोटी पाहिली नव्हती.

दुसरी बैठक अष्टमीच्या भांगाला, संध्याकाळी, गावातील देवळाच्या ओट्यावर ठेवली. भांगात पाण्याला ओढ कमी, मासळीही कमी, त्यामुळे माणसे घरी असतात. त्या दिवशी तीसेक जण आले आणि त्यांत निम्म्या बायका होत्या. तेथे जे कळले त्याचा पत्रात मागमूसही नव्हता. गावाला संग्रहालयाचा राग होता तो भूतकाळी क्रियापदाचा कमी आणि दारातल्या पाटीचा जास्त. फ्लेमिंगो पाहणाऱ्यांच्या चिखलाने भरलेल्या बुटांना कोणी अडवत नाही, असे एका बाईने शांतपणे सांगितले. खाडीच्या दालनात पक्षी आहेत, झाडे आहेत, खेकड्याचे मोठे छायाचित्र आहे, पण चिंबोरी पकडणारा हात नाही, हेही तेथेच कोणीतरी दाखवून दिले. निवट्या आणि बोईटे ही खाडीची मासळी कमी का झाली, सांडपाणी कोठून येते, जेट्टीपर्यंत जायला वाट का उरली नाही, यांवर तासभर बोलणे झाले. यांपैकी एकही प्रश्न संग्रहालय सोडवू शकत नव्हते, पण ते भिंतीवर मांडू नक्कीच शकत होते.

भाषेवरून मात्र गावातच दोन तट पडले. फलक आगरी-कोळी बोलीत असावा, असे म्हाताऱ्यांना वाटत होते. कॉलेजात जाणाऱ्या मुलांचा त्याला ठाम विरोध होता. कॉमेडीच्या कार्यक्रमांत आमच्या बोलीवर हसतात, तेच इथे होईल, असे ते म्हणाले. मी मनातून म्हाताऱ्यांच्या बाजूची होते, पण निर्णय माझा नव्हता. शेवटी फलक प्रमाण मराठीत आणि माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित स्वरूपात त्यांच्या बोलीत, असे ठरले. ध्वनिमुद्रणासाठी धवलारणींनी, म्हणजे लग्नविधीत गाणाऱ्या बायकांनी, लग्नातले धवले गायला तयारी दाखवली, पण एक अट घातली: ते दिवसभर दालनात वाजत राहता कामा नयेत. धवला मांडवात, विधीच्या वेळी गायचा असतो. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पाठीमागे वाजणारे ते पार्श्वसंगीत नव्हे. म्हणून हे मुद्रण आज केवळ मागणी केल्यावर ऐकवले जाते.

पेन्सिलीचा नकाशा

चौथी मागणी सर्वांत अवघड होती. पहिल्या दालनात ‘९५ गावांतील जमीन संपादित करण्यात आली’ असे एकच कर्मणी वाक्य होते आणि पुढची चौकट थेट इमारतींची होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासईच्या परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, हे या शहराच्या उभारणीचेच एक प्रकरण आहे. एका विश्वस्तांना ‘हुतात्मे’ऐवजी ‘मृत्युमुखी पडले’ असे हवे होते. तटस्थ राहील, असे त्यांचे म्हणणे. माझे मत असे की ज्या शब्दाने लोक दरवर्षी जानेवारीत आपल्या माणसांना अभिवादन करतात तो सौम्य करण्याचा अधिकार भिंतीच्या मालकाला मिळत नाही. शब्द राहिला.

त्याच दालनात आणखी एक गोष्ट केली आणि तिने अपेक्षेपेक्षा जास्त काम दिले, त्रासही जास्त दिला. केपटाउनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ मध्ये केवळ गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाली आणि तेथून सुमारे ६०,००० लोकांना हुसकावण्यात आले. १९९४ मध्ये उघडलेल्या तेथील संग्रहालयाच्या जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा आहे आणि जुने रहिवासी त्यावर आपापली घरे दाखवून नावे लिहीत आले आहेत. आमची परिस्थिती तशी नव्हती, गावठाणे येथे जागेवरच राहिली. गेली ती भोवतालची जमीन. म्हणून आम्ही जुना गावनकाशा मोठा करून जमिनीवर अंथरला, त्यावर आजच्या सेक्टरांच्या रेषा फिक्या रंगात काढल्या आणि गावाला बोलावले.

एक गृहस्थ आले, त्यांनी चष्मा पुसला, गुडघ्यांवर बसले आणि सातबारा न पाहता तीन सर्व्हे नंबर तोंडपाठ म्हणत बोट फिरवत गेले. त्यांच्या वडिलांचे खाचर आज एका सोसायटीच्या क्लब हाउसखाली आहे. उघाडी (बांधातील पाणी सोडण्याची झडप) कोठे होती, खाऱ्या पाण्याचा बांध कोठून कोठे जात होता, मिठाच्या राशी कोठे लागत, हे बायकांनी जास्त अचूक सांगितले, कारण डोक्यावर ओझे घेऊन त्या वाटा त्यांनी तुडवल्या होत्या. एका शाळकरी मुलीला आपली दहाव्या मजल्यावरची सदनिका खाजणात आहे हे पाहून फार गंमत वाटली.

दुसऱ्याच आठवड्यात एकाच बांधावर दोन कुटुंबांनी नावे लिहिली. एकाने मार्करने लिहिलेले दुसऱ्याने खोडले. जमिनीचे दावे आजही चालू असलेल्या प्रदेशात आपण काय मांडून बसलो आहोत, याची जाणीव आम्हाला तेव्हा झाली, आणि खरे सांगायचे तर ती आधीच व्हायला हवी होती. वकिलांनी नकाशा गुंडाळून ठेवा असे सुचवले. तसे केले असते तर पुढे कोणी पुन्हा आले नसते. अखेर मार्कर काढून पेन्सिली ठेवल्या, हा नकाशा आठवणींचा आहे, मालकीचा पुरावा नाही, अशी ठळक सूचना लावली आणि त्या बांधावर दोन्ही नावे राहू दिली. ती आजही तेथे आहेत.

जाळे

जाळ्याबाबतचा निर्णय तुलनेने लवकर झाला. मालकी आजींचीच असल्याचे न्यासाने लेखी मान्य केले आणि त्यानंतर ते काही काळ संग्रहालयात ठेवायला त्या स्वतःहून तयार झाल्या. अकरा महिन्यांचा करार झाला. नवी मुंबईत भाड्याच्या घराचा लिव्ह अँड लायसन्स करार कोणाला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे ‘जाला तुमच्याकडं भाड्यानं’ ही कल्पना सर्वांना चटकन कळली. भाडे म्हणून काही मागितले नाही. नारळी पौर्णिमेला जाळे घरी यावे एवढीच अट आहे. ते त्यांच्या मुलाने येऊन सुलटे टांगले. नव्या फलकावर विणणाऱ्याचे नाव आहे, धागा नायलॉनचा असल्याचे लिहिले आहे आणि क्रियापद वर्तमानकाळी आहे. आपल्या घरातली वस्तू संग्रहालयाच्या योग्यतेची असते हे मराठी माणसाला नवे नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात दिवे आणि अडकित्ते पाहायला आपण रांग लावतो. फरक इतकाच की तो अडकित्ता वापरणारा आज हयात नाही, आणि हा पाग विणणाऱ्याचा मुलगा काल रात्री खाडीत होता.

जे अर्धवट राहिले

दारापाशी पाट्या ठेवण्यासाठी सावलीचा ओटा आणि एक नळ बांधून झाला आहे, पण सुरक्षारक्षकांची एजन्सी बदलली की पाटीवरून पुन्हा वाद होतो. वेळ सकाळी दहा ते साडेपाच अशीच आहे. बाजार आटोपून बायका मोकळ्या होतात तेव्हा शटर खाली आलेले असते. आठवड्यातून एक दिवस आठपर्यंत उघडे ठेवण्याचा ठराव झाला, तो चार महिने पाळला गेला आणि कर्मचारी नाहीत म्हणून थांबला. सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारी म्हणून) निधी देणाऱ्या कंपनीच्या अहवालात भेट देणाऱ्यांची संख्या, शाळांची संख्या आणि छायाचित्रे यांसाठी रकाने आहेत; परत दिलेल्या किंवा परत देऊ केलेल्या वस्तूंसाठी नाही. आम्ही तो तपशील ‘इतर’मध्ये भरला.

दोन पुतळे अजून मार्गिकेतच आहेत. ते काढावेत असे मला वाटते. गावातील मुलांना त्यांच्याबरोबर फोटो काढायला आवडते, म्हणून ते राहिले.

रजिस्टरमध्ये खाडाखोड करता येत नाही. म्हणून ‘स्थानिक मच्छीमार’ या शब्दांवर लाल शाईने एक रेघ ओढून वर आजींचे नाव, खाली तारीख आणि सही, अशी दुरुस्ती केली. नवऱ्याचेही नाव घाला, असे त्यांनी सांगितल्यावर रकाना पुरला नाही आणि ते समासात गेले. अशा आणखी सत्तावीस ‘स्थानिक’ नोंदी आहेत. त्यांपैकी नऊ वस्तूंची घरे सापडली आहेत. मीठ ओढण्याचे लाकडी अवजार विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावातून आले होते. ते कुटुंब करंजाडेकडे राहायला गेल्याचे एका नातेवाइकाकडून कळले आहे, आणि येत्या अष्टमीला तिकडे जायचे ठरले आहे.